घरातल्या ज्येष्ठांची औषधं हलाल आहेत का? पुण्यात हे कसं तपासायचं, पायरी पायरीने

अब्बांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत मला अकरा कॅप्सूल सापडल्या. कोंढव्यातल्या आमच्या घरी ईदच्या आधीची साफसफाई चालली होती. उकाड्याने त्या तपकिरी, मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा एक गोळाच झाला होता. ड जीवनसत्त्वाच्या, आठवड्याला एक घ्यायच्या. म्हणजे अकरा आठवडे अब्बा दर रविवारी माझ्या हातून कॅप्सूल घेत होते, "जेवण झालं की घेतो" म्हणत होते आणि डबीत टाकत होते. इकडे डॉक्टर विचारात पडले होते की रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढत का नाही. त्यासाठी आणखी दोन तपासण्याही झाल्या होत्या.

विचारल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, "नमाजनंतर कुणीतरी सांगितलं की यात डुकराची चरबी असते. तुम्हाला कशाला त्रास, म्हणून बोललो नाही."

अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या पिढीतली माणसं डॉक्टरांना उलट प्रश्न विचारत नाहीत. शंका आली की गुपचूप औषध बंद करतात. त्यानंतरचं वर्षभर मी डॉक्टर, मेडिकलवाले, फार्मसीचे शिक्षक आणि मौलाना यांना विचारत फिरले. जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमच्या घरात अम्मी-अब्बा, खाला किंवा सासू-सासरे असतील तर हे त्यांच्यासोबत बसून वाचा.

सुरुवातीला हे जवळ घ्या

- सध्या चालू असलेल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड
- प्रत्येक औषधाची स्ट्रिप किंवा बाटली, बाहेरचा खोका आणि आतला घडी घातलेला कागद
- किडनी, लिव्हर आणि साखरेचे ताजे रिपोर्ट
- एक वही, आणि चांगला कॅमेरा असलेला मोबाइल

१. काहीही बंद न करता सगळी औषधं एका चादरीवर मांडा

तपासणी पूर्ण होईपर्यंत एकही औषध थांबवायचं नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना पहिल्याच दिवशी सांगा आणि कबूल करून घ्या. रक्त पातळ करण्याच्या, झटक्यांच्या, हृदयाच्या आणि साखरेच्या औषधांना खंड पडला तर चार दिवसांतही जिवावर बेतू शकतं.

मग औषधं मांडा. डब्यातली, फ्रिजमधली, उशाखालची, पाकिटातली, अगदी शेजाऱ्यांनी "याने बरं वाटतं" म्हणून दिलेली पुडीसुद्धा. रागावून विचारू नका. "कुठली घ्यायला मन धजत नाही?" असं विचारलंत तर खरं कळेल. आमच्याकडे या प्रश्नावर अम्मीनेही पचनाचं सिरप पुढे सरकवलं. ते ती महिनाभर मोरीत ओतत होती.

वहीत प्रत्येक औषधापुढे चार गोष्टी लिहा: नाव, कंपनी, कशासाठी आहे, आणि गोळी, कॅप्सूल, सिरप की इंजेक्शन.

२. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. रचनेची पहिली ओळ इंग्रजीत असते, आणि तिच्या सुरुवातीच्या शब्दांवरून बरंच कळतं.

"ईच फिल्म कोटेड टॅब्लेट" किंवा "ईच अनकोटेड टॅब्लेट" असं असेल तर ती साधी गोळी आहे, तिला जिलेटिनचं कवच नाही. "ईच हार्ड जिलेटिन कॅप्सूल" म्हणजे दोन तुकड्यांचं कडक कवच. "ईच सॉफ्ट जिलेटिन कॅप्सूल" म्हणजे अब्बांच्या डबीतली मऊ, तेलकट गोळी. "एचपीएमसी कॅप्सूल" किंवा "व्हेजिटेरियन कॅप्सूल" लिहिलं असेल तर ते कवच वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेलं असतं.

जिलेटिन म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांमधल्या कोलॅजनपासून काढलेला पदार्थ. तो गाय-म्हशीचा असतो, डुकराचा असतो, माशाचाही असतो. भारतात कडक कॅप्सूलच्या कवचासाठी बहुतांशी गुरांच्या हाडांपासूनचं जिलेटिन वापरतात. त्यामुळे "कॅप्सूल म्हणजे डुक्कर" हे मशिदीबाहेर ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं खरं मानू नका. पण गुरांचं असलं तरी जनावर शरीअतप्रमाणे जबह केलेलं, म्हणजे अल्लाहचं नाव घेऊन कापलेलं होतं का, हा प्रश्न उरतोच. त्याबद्दल पाचव्या पायरीत लिहिलं आहे.

इथे फसायला होतं ते ठिपक्यामुळे. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवी खूण असते, तशी औषधावर शोधू नका. औषधांना ती खूण सक्तीची नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये जीवरक्षक औषधं वगळून बाकीच्या औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर अशी खूण असावी असा आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला. म्हणून खूण नसण्यावरून इकडचा किंवा तिकडचा निष्कर्ष काढता येत नाही.

मात्र प्रोटीन पावडर, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, सांध्यांच्या पूरक गोळ्या अशा बऱ्याच वस्तू मेडिकलमध्ये मिळत असल्या तरी त्या कायद्याने अन्नात मोडतात. त्यांच्यावर अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक असतो आणि खूणही असते. हिरवी म्हणजे शाकाहारी. तपकिरी त्रिकोण, जुन्या पाकिटांवर तपकिरी ठिपका, म्हणजे प्राणिजन्य. कुठला प्राणी, हे त्यावरून कळत नाही.

सिरपच्या बाटलीवर अल्कोहोल शोधा. पोटात घ्यायच्या औषधात ३ टक्के किंवा जास्त अल्कोहोल असेल तर त्याचं प्रमाण लेबलवर छापावं लागतं. खोकल्याची बरीच सिरपं आता अल्कोहोलशिवाय मिळतात, तेव्हा मागताना तसं स्पष्ट मागा.

३. शंका कुठे घ्यायची आणि कुठे नाही

प्रत्येक गोळीमागे लागलात तर थकून जाल आणि ज्येष्ठांचा जीव उगाच टांगणीला लागेल. मला जे कळलं त्यावरून ज्येष्ठांच्या औषधांत नेमकं इथे बघावं.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर टोचतात ते एनॉक्सापारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. हेपारिनही बहुतेक वेळा तिथूनच येतं. ऑपरेशननंतर, हृदयाच्या झटक्यात, डायलिसिसमध्ये या औषधांशी गाठ पडते. फोंडापॅरिनक्स हे त्याच प्रकारचं इंजेक्शन पूर्णपणे कृत्रिमरीत्या बनवलेलं असतं, पण किडनी फार कमजोर असेल तर ते चालत नाही. काही रुग्णांना इंजेक्शनऐवजी गोळीवरही ठेवता येतं. निवड डॉक्टरांचीच. तुम्ही फक्त वेळेत विचारायचं.

स्वादुपिंड नीट काम करत नसेल तर दिलं जाणारं पॅन्क्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून येतं. त्याला तोडीस तोड पर्याय हाताशी नसतो, म्हणून ते स्वतःहून कधीच थांबवू नका.

पचनाच्या सिरपमध्ये पेप्सिन आणि फंगल डायस्टेस अशी जोडी दिसते. फंगल डायस्टेस बुरशीपासून होतं, त्याची चिंता नाही. पेप्सिन सहसा डुकराच्या जठरातून काढतात. अम्मीच्या सिरपमध्ये तेच होतं. डॉक्टरांना दाखवल्यावर ते म्हणाले, याची तुम्हाला मुळात गरजच नाही, आणि चिठ्ठीवरून खोडून टाकलं. एक महिना मोरीत ओतण्यापेक्षा एक प्रश्न पुरला असता.

पडल्यावर किंवा दात काढल्यावर सूज उतरायला ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची गोळी आपल्याकडे सर्रास देतात. ही दोन्ही एन्झाइम जनावरांच्या स्वादुपिंडातून येतात, गुरांच्या किंवा डुकरांच्या. वरून ती साधी गोळी दिसते, म्हणून नजरेतून निसटते. सुजेसाठीच देतात ते सेराशिओपेप्टिडेज जिवाणूंपासून बनतं.

सांध्यांच्या गोळ्यांमधलं कॉन्ड्रॉइटिन गुरं, डुक्कर किंवा शार्क यांच्या कूर्चेपासून येतं. ग्लुकोसामीन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. हनफी पंथ मानणाऱ्या घरांमध्ये कोळंबी-खेकड्यावरही मतभेद आहेत, तेव्हा आपल्या मौलानांना विचारा.

ड जीवनसत्त्व स्वतः बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. आमची अडचण मऊ कवचाची होती. तोच ६०,००० युनिटचा डोस दुधात घालायच्या दाणेदार पुडीत आणि प्यायच्या छोट्या बाटलीतही मिळतो. डॉक्टरांनी पुडी लिहून दिली. अब्बा आता रविवारी सकाळी ती दुधात स्वतः ढवळतात.

इन्सुलिनची भीती मात्र मनातून काढा. एके काळी ते डुकराच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ मध्ये प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हळूहळू चित्र बदललं. आज बाजारात दिसणारं मानवी आणि अ‍ॅनालॉग (मानवी इन्सुलिनमध्ये थोडा बदल करून केलेलं) इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टपासूनच बनतं. आमच्या ओळखीच्या एका चाचांनी या जुन्या ऐकीव गोष्टीपायी दोन वर्षं इन्सुलिन टाळलं आणि पायाचा अंगठा गमावला.

गोळी बनवताना ती साच्याला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात, ते वनस्पतींपासूनही बनतं आणि चरबीपासूनही. लेबलवर काहीच कळत नाही आणि प्रमाण कणभर असतं. माझं मत विचाराल तर आधी वरची मोठी औषधं बघा, याच्या मागे नंतर लागा.

आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानी म्हणजे आपोआप हलाल, असंही नाही. आसव-अरिष्टांमध्ये आंबवताना आपोआप अल्कोहोल तयार होतं आणि बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. होमिओपॅथीचे मूळ अर्क अल्कोहोलमध्येच असतात. काही युनानी नुस्ख्यांत जुंदबेदस्तर, म्हणजे बीव्हर नावाच्या प्राण्याच्या ग्रंथीतला स्राव असतो. हकीमसाहेबांनाही घटक विचारायला संकोच करू नका.

४. मेडिकलवाल्याला, कंपनीला आणि मग डॉक्टरांना विचारा

मेडिकलच्या काउंटरवर संध्याकाळी सातच्या गर्दीत विचारलंत तर "सगळं व्हेजच असतं हो" हे उत्तर मिळेल. दुपारी जा आणि फार्मासिस्ट स्वतः आहेत का ते आधी विचारा. "हेच औषध गोळीच्या रूपात किंवा एचपीएमसी कॅप्सूलमध्ये कुठल्या कंपनीचं येतं?" असा नेमका प्रश्न टाका. बिबवेवाडी-मार्केट यार्डाच्या बाजूला जैन कुटुंबंही हाच प्रश्न विचारतात, त्यामुळे तिकडच्या काही दुकानदारांना उत्तर तोंडपाठ असतं. फक्त एक ध्यानात ठेवा, शाकाहारी कवच म्हणजे आतलं औषधही शाकाहारी असं नसतं.

लष्कर भागात आझम कॅम्पसमध्ये फार्मसीचं कॉलेज आणि युनानी मेडिकल कॉलेज दोन्ही आहेत. फार्मसी शिकवणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलायला मिळालं तर महिनाभराचं इंटरनेट चाळणं वाचतं. माझं वाचलं.

तरीही शंका राहिली तर कंपनीला ईमेल करा. पत्ता खोक्यावर असतो. "निर्माता" आणि "विक्रेता" अशा दोन कंपन्या असतील तर दोघांनाही लिहा. मजकूर छोटा ठेवा: औषधाचं नाव, बॅच क्रमांक, आणि तीन प्रश्न. कवचातलं जिलेटिन कुठल्या प्राण्याचं आहे? आतला कुठला घटक प्राणिजन्य आहे का? हलाल प्रमाणपत्र असेल तर कुणी दिलेलं आणि कुठल्या तारखेपर्यंतचं? मी सात कंपन्यांना लिहिलं, चौघांची उत्तरं आली. एकीचं उत्तर दोन ओळींचं, पण स्पष्ट होतं: "बोव्हाइन", म्हणजे गुरांचं.

आता डॉक्टर. अब्बांना वाटत होतं डॉक्टर चिडतील. मी आधीच फोटो आणि वहीचं पान घेऊन गेले आणि म्हणाले, "डॉक्टर, अब्बांची श्रद्धा आहे की डुकरापासूनचं औषध शक्यतो घेऊ नये. या तीन औषधांना पर्याय आहे का? नसेल तर हे थांबवल्यास काय होईल, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्याल का?" डॉक्टरांनी पाच मिनिटांत दोन बदलून दिली आणि तिसऱ्यापुढे लिहिलं, "आवश्यक, पर्याय नाही." ती ओळ पुढच्या पायरीला कामाला आली.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, मेडिकलवाल्याला परस्पर औषध बदलायला सांगू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाऐवजी त्याने मनाने दुसरं देणं नियमात बसत नाही. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. कवच नको म्हणून कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्यातून घेऊ नका. आतले दाणे बरेचदा आतड्यात जाऊन हळूहळू विरघळावेत असे केलेले असतात. प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिनच्या कॅप्सूल उघडू नयेत, असं कंपन्याच सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून घेतली तर औषध रक्तात खूप जास्त उतरतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. गंमत अशी की तिचं कवच मुळात एचपीएमसीचं असतं! काही कॅप्सूल उघडायला डॉक्टर परवानगी देतातही, पण ती परवानगी त्या एका औषधापुरतीच.

५. मौलानांकडे कागद घेऊन जा

बहुतेक लोक आधी मौलानांकडे जातात आणि विचारतात, "कॅप्सूल हराम आहे का?" अशा अर्धवट प्रश्नाला कुणी तरी काय उत्तर देणार? क्रम उलटा करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली ओळ आणि कंपनीचं उत्तर हातात असू द्या. आमच्या मौलानांनी पहिले दोन प्रश्न तेच विचारले: दुसरं औषध मिळतं का, आणि न घेतल्यास किती नुकसान आहे, असं जाणत्या डॉक्टरने सांगितलं आहे का?

सूरह बकराच्या १७३व्या आयतीत हराम वस्तूंची नावं सांगून लगेच पुढे म्हटलं आहे की जो नाइलाजाने, नाफर्मानी न करता, गरजेपलीकडे न जाता घेईल, त्याच्यावर गुनाह नाही. मौलानांनी अब्बांना ही आयत अर्थासह सावकाश समजावली. अब्बांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कितीही सांगितलं असतं तरी माझं ते काम नव्हतं.

जिलेटिनबद्दल उलेमांमध्ये एकमत नाही, हेही समजून घ्या. एखाद्या वस्तूचं मूळ रूपच पालटलं तर तिचा हुकूमही बदलतो, याला इस्तिहाला म्हणतात. कुवेतमध्ये १९९५ साली झालेल्या इस्लामी वैद्यकीय परिषदेत जिलेटिनला हे तत्त्व लागू मानलं गेलं. आपल्याकडचे बरेच मुफ्ती जिलेटिनच्या बाबतीत ते मान्य करत नाहीत. हनफी, कोकणी शाफई आणि बोहरा घरांमध्ये उत्तरं वेगळी येऊ शकतात. ज्यांच्यावर तुमच्या ज्येष्ठांचा विश्वास आहे त्या एकाच ठिकाणी विचारा. चार ठिकाणांहून चार उत्तरं आणून म्हाताऱ्या माणसाला कोड्यात टाकू नका. शक्य असेल तर उत्तर लेखी घ्या.

६. ऑपरेशन ठरलं की आठ दिवस आधी बोला

अब्बांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ही वही कामी आली. आम्ही आधीच विचारल्यामुळे डॉक्टरांनी किडनीचे रिपोर्ट पाहून गुठळीविरोधी इंजेक्शनऐवजी गोळी देता येईल असं ठरवलं आणि फाइलवर तशी नोंद केली. नोंद पाहिजेच. रात्रपाळीच्या सिस्टरना तुमचं डॉक्टरांशी झालेलं बोलणं माहीत नसतं.

विचारायच्या गोष्टी: गुठळीचं इंजेक्शन, टाक्यांचा दोरा (कॅटगट हा मेंढी किंवा गुरांच्या आतड्यापासूनचा असतो, कृत्रिम दोरेही असतात), रक्त थांबवायचा जिलेटिन स्पंज, आणि हृदयाची झडप बदलायची असेल तर ती डुकराची, गुरांची की धातूची. झडपेचा निर्णय वय आणि पुढे आयुष्यभर घ्यावी लागणारी औषधं बघून होतो, तिथे घाई नको.

इमर्जन्सीमध्ये यातलं काहीही विचारत थांबू नका. ससूनला असा किंवा खासगी रुग्णालयात, डॉक्टर देतील ते घेऊ द्या. घरातल्या ज्येष्ठांची याला संमती आहे ना, हे ते ठणठणीत असतानाच विचारून ठेवा. अब्बांनी हे वहीच्या पहिल्या पानावर उर्दूत स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली आहे.

७. हजला किंवा लस घ्यायला निघाला असाल तर

हजसाठी मेंदूज्वराची लस सक्तीची आहे आणि ती सौदीत पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. शंका असेल तर कुपीचं नाव विचारून घटक आधीच तपासा, शिबिराच्या रांगेत उभं राहून नको. नागिणीच्या जुन्या जिवंत लशीत डुकराचं जिलेटिन असायचं. आता मिळणाऱ्या नव्या, दोन डोसच्या लशीत जिलेटिन नाही.

८. दर वेळी स्ट्रिप पुन्हा बघा

एकाच औषधाची एक कंपनी गोळी बनवते, तर दुसरी कॅप्सूल. स्टॉक संपला की दुकानदार "सेम कंटेंट आहे" म्हणून दुसरी कंपनी देतो. आमच्याकडे हे दोनदा झालं. म्हणून जुनी रिकामी स्ट्रिप सोबत न्या, नवी तिच्याशेजारी ठेवा, पहिली ओळ वाचा आणि मगच पैसे द्या. घरी मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: डावीकडे तपासलेली औषधं, उजवीकडे अजून उत्तर न आलेली. उजवीकडे सध्या एकच नाव आहे, अम्मीच्या नसांच्या दुखण्याची कॅप्सूल. कंपनीला दुसरा ईमेल गेला आहे, आणि अम्मी ती रोज रात्री घेते आहे.